हनुवटीवरचा हिरवा ठिपका

नाशिक,
६ जानेवारी

ती. पूजाच्या आजींना,

आशाचा नमस्कार. इकडे आम्ही तिघं ठीक आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? पूजाचे मामा, धनराजभाऊ, तिच्या पप्पांना सांगत होते, थंडीमुळे तुमचं ओट्यावर येऊन बसणंही बंद झालंय. रात्री तिळाचं तेल कोमट करून चोळा, असं लिहिणार होते. पण तुम्हाला मी काय शिकवणार? तरी लिहिलं गेलंच बघा.

फोन सोडून पत्र का, असं वाटेल तुम्हाला. खरं सांगू? फोनवर माझा आवाज आला की तुम्ही "भारतला दे" म्हणता, आणि मी फोन पूजाच्या पप्पांच्या हाती देते. पत्राला तसं म्हणता येत नाही. फाडता येतं, पण बालवाडीत पोरांना अक्षरं शिकवलेलं माणूस न वाचता फाडणार नाही, एवढी मला खात्री आहे.

आधी क्लासचं सांगते. गंगापूर रोडला मी पोरांना डीटीपी शिकवते, म्हणजे कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका, फ्लेक्स, पुस्तकं असलं जुळवायचं काम. कोर्स संपताना प्रत्येकाने एक प्रोजेक्ट करायचं आणि मग सगळ्यांचं प्रदर्शन भरतं. दरवर्षी हॉटेलचं मेनूकार्ड नाहीतर खोट्या लग्नाची पत्रिका. यंदा मला काय अवदसा आठवली कुणास ठाऊक, मी म्हटलं विषय ठेवू 'माझी ओळख'. आमचे सर म्हणाले, "मॅडम, मेनूकार्डाच्या ऑर्डरी येतात. ओळखीच्या कुठे येतात?" मी म्हटलं, एक वर्ष माझं ऐका. बोलून बसले आणि मग निस्तरत बसले.

कारण पहिल्या दिवशी पोरांनी काय आणलं माहिती आहे? एकजात सगळ्यांनी स्वतःच्या वाढदिवसाचा फ्लेक्स! जुन्या नाशकातला झीशान म्हणून आहे, वडील गाद्या भरतात. तो गॉगल लावून एका पांढऱ्याशुभ्र गाडीला टेकून उभा. गाडी कोणाची, देव जाणे. लखन आमच्याच सुरगाण्याकडचा, त्याने नावापुढे लिहिलं 'भावी सरपंच'. मिसरूड फुटलंय नुकतं! आणि खाली प्रत्येकाच्या फ्लेक्सवर ती शुभेच्छुकांची पट्टी, चौकोनी चौकोनी तोंडं, ज्यातली निम्मी त्यांनाही ओळखता येईनात. मी म्हटलं, "अरे, ही तुमची ओळख आहे की चौकातली जाहिरात?" झीशान म्हणाला, "मॅडम, पण फ्लेक्स तर असाच असतो ना!"

त्याचंही बरोबरच आहे म्हणा. जे बघितलं तेच करणार. मग मी दोन दिवस बसून नव्याने आखणी केली. लग्नपत्रिकेएवढी आठ पानी पुस्तिका. पहिल्या पानावर स्वतःचा फोटो नाही. गॉगल नाही. दुसऱ्याची गाडी तर अजिबात नाही. घर, बोली, हातातलं काम, कशाचा राग येतो, एकेक पान. आणि शेवटी शुभेच्छुकांची पट्टी राहू दे, पण नियम माझा. तुम्ही घरी पोचेपर्यंत जे जेवायला बसत नाहीत, त्यांचेच फोटो.

झीशान म्हणाला, "मग माझ्या पट्टीत फक्त अम्मी." मी म्हटलं, फक्त अम्मी तर फक्त अम्मी. लखनचे आईबाप द्राक्षाच्या कामावर आलेत, दिंडोरीकडे. पहाटे उठायचं म्हणून लवकर झोपतात बिचारे. तो म्हणाला, "मॅडम, माझी बहीण ताटावर ताट झाकून झोपते. ते धरायचं का?" मी म्हटलं, धरायचं.

हाच लखन बरं का, क्लासच्या पत्रकावरचा माझा फोटो बघून सगळ्यांसमोर म्हणाला, "मॅडम, ही तुमची धाकटी बहीण का?" माझ्या कपाळावर लहानपणी मुसळ लागल्याचा व्रण आहे. पत्रकासाठी तो मी पुसून टाकला होता, आणि हात लागलाच होता म्हणून डोळ्यांखालची काळी वर्तुळंही. आमच्या धंद्यात ही खोडच लागते. डाग दिसला की हात शिवशिवतात.

आजी, मी इकडचं तिकडचं लिहीत बसलेय, हे तुमच्या लक्षात आलं असेल. आता लिहिते.

तुमच्या रेणुकाचा, पूजाच्या आईचा फोटो मी भिंतीवरून काढला, हे खरं आहे. टाकायला नव्हता काढला. पावसाळ्यात काचेच्या आत ओल गेली, फोटोवर काळे काळे ठिपके उठले होते. तिच्या तिथीला पूजाला नवा करकरीत फोटो द्यावा, असं माझ्या मनात. क्लासमध्ये स्कॅन केला, मोठा केला, आणि बसून एकेक डाग काढला. स्क्रीनवर चेहरा एवढा मोठा केला की माणूस दिसत नाही हो, नुसते ठिपके दिसतात. त्या ठिपक्यांत तिच्या हनुवटीवरचं गोंदणही गेलं. माझी आई फुलाबाई, तिचं कपाळ, हनुवटी, दोन्ही हात गोंदलेले. तिच्या मांडीवर वाढलेली मी, आणि मलाच गोंदण ओळखू येऊ नये! पुसलेलं त्याच फाईलवर सेव्ह केलं. हे करू नका म्हणून पोरांना मी रोज ओरडते. आणि जुना फोटो काचेला इतका चिकटला होता की नव्या फ्रेमसाठी सोडवायला गेले तर चेहऱ्याचे पोपडे हातात आले.

पूजाचे पप्पा कामावरून आले, बघितला, म्हणाले, "छान झालाय." रेणुकाबरोबर एवढी वर्षं संसार केलेला माणूस! पूजा कॉलेजातून आली. चप्पल पायात तशीच, भिंतीकडे बघत उभी राहिली. म्हणाली, "ही माझी आई नाही."

त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलत नाही. आधीही फार बोलायची नाही. घरात तिने मला कधी हाकच मारली नाही, काय म्हणायचं हे ठरलंच नव्हतं आमचं. पण समोर बसून जेवायची तरी. यंदा तीही माझ्याच क्लासला आहे, तिथेही आठवडाभर आली नाही. परवा आली, मागच्या मशीनवर बसली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. पण तिचं पान अजून कोरं आहे.

आणि तुम्ही फोनवर पूजाच्या पप्पांना म्हणालात ना, परीक्षा झाली की धनराजला पाठवते, पोरीला कायमची इकडे आणू, ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं. यांचा फोन गल्लीला ऐकू जातो. तुमचा हक्क आहे. मी भांडायला लिहीत नाही. एकच मागते. संक्रांतीला पूजा चांदवडला येते आहे. रेणुकाचा चेहरा नीट दिसेल असा एखादा फोटो तुमच्याकडे असला तर तिच्या हाती द्या. लग्नाच्या अल्बममध्ये सगळीकडे मुंडावळ्या आणि खाली घातलेली मान. मला हनुवटी हवी आहे.

पत्राच्या शेवटी 'आपली' लिहितात की 'तुमची', मला कळेना. म्हणून नुसतंच,

आशा


नाशिक,
१९ जानेवारी

ती. आजींना,

नमस्कार. पूजा सुखरूप पोचली. फोटो नाही आणला. तुमच्याकडेही नव्हता, एवढं ती पप्पांना सांगत होती ते ऐकलं. मी काही विचारलं नाही.

तुमचा डबा मिळाला. तिळाच्या वड्यांच्या तीन पुड्या निघाल्या. एकीवर 'भारत', एकीवर 'पूजा'. तिसरीवर काहीच नाही. पप्पांनी विचारलं, "ही कुणाची गं?" पूजा म्हणाली, "आजी बोलली नाही."

मी मात्र ती खाल्ली. तुमची परवानगी न घेता, उभ्या उभ्या, ओट्याशी. शेजारणीची असेल तर कळवा, मी करून देईन. गूळ चिक्कीचा होता ना? माझ्या वड्यांचा नेहमी दगड होतो.

आमचं लग्न ठरलं तेव्हा माझी आत्या विठाबाई मला म्हणाली होती, "दुजवराला दिलेल्या बाईला दोन माहेरं असतात पोरी, आधीचीच्या आईला आई म्हणायचं." तीन दिवाळ्या मी बोलावण्याची वाट बघितली. डोंगरातली बाई तुम्हाला चालली नाही, हे मला सांगायला कुणी लागलं नाही, आणि मीही काही कमी नाही, मीही अडून बसले. आज तीळगूळ खाल्ल्यावर हे लिहायला हरकत नाही. त्या दिवशी गोड बोलायचं असतं, पण खरं बोलायला बंदी थोडीच आहे?

दुसरी खबर. काल क्लासमध्ये पूजाने मशीन सुरू केलं आणि फोनवरून काहीतरी त्यात घेतलं. मी जवळून गेले तर स्क्रीन झाकली. मी सरळ झीशानच्या मशीनकडे वळले. त्याने अम्मीचा फोटो पट्टीत न बसवता पूर्ण पानभर लावलाय, आणि हट्टाने म्हणतो, "मॅडम, पट्टीत ती मावत नाही." दोन तास मी त्याला समासाचे नियम समजावत होते आणि डोळे मागच्या मशीनवर.

तुम्ही तिला तिकडे काही म्हणालात का? म्हणाला असाल तर, काय म्हणालात ते माहीत नाही, पण बरं झालं.

गुडघ्याला जपा.

आशा


नाशिक,
९ फेब्रुवारी

ती. आईंना,

लिहिलं बाई एकदाचं. रागवायचं तर रागवा, पण पत्र पूर्ण वाचून मग.

परवा दुपारी पूजा तिच्या मशीनवरून म्हणाली, "मॅडम, जरा या ना." क्लासमध्ये ती मला मॅडम म्हणते, सगळ्यांसारखी. मी गेले. स्क्रीनवर एक हनुवटी होती. नुसती हनुवटी, सुरकुतलेली, उन्हात काढलेली, मधोमध हिरवा ठिपका. मला क्षणभर कळेना. मग कळलं, आणि मी शेजारची खुर्ची ओढून बसलेच.

आई, तुम्ही तिला अंगणात उन्हात बसून फोटो काढू दिलात. तिने सगळं सांगितलं. रेणुकामातेच्या यात्रेत गोंदणारी बसली होती, रेणुका एवढीशी, सुई बघून तिने भोकाड पसरलं, तेव्हा तिची भीती जावी म्हणून आधी तुम्ही हनुवटी पुढे केलीत. मग ती बसली. तीच बाई, तीच सुई, तोच रंग. मला तुमच्याकडे फोटो मागायचं सुचलं. तुमच्या तोंडावरच ते आहे, हे पोरीला सुचलं.

"हे आईच्या चेहऱ्यावर कसं बसवायचं?" तिने विचारलं. आणि माउस माझ्याकडे सरकवला.

मी हात मागे घेतला. म्हटलं, "नाही गं बाई. मी सांगते, तू कर." मला भीती वाटत होती हो. माझा हात एकदा फिरला होता त्या चेहऱ्यावरून, पुन्हा फिरवायचा नव्हता. मग मी सांगत गेले, ती करत गेली. ठिपक्याच्या कडेने सावकाश कापलं. तुमचं गोंदण वयाने पसरलंय, ते तिने लहान केलं. मग ते उचलून तिच्या आईच्या फोटोवर आणलं आणि थांबली. मी म्हटलं, "नेमकं कुठे ते कसं कळणार?" तर स्वतःच्या हनुवटीवर बोट ठेवून म्हणाली, "इथे. आजीने इथे बोट लावून दाखवलं."

तिथे ठेवलं.

काय सांगू तुम्हाला! मी रेणुकाला कधी बघितलं नाही. तीन वर्षं भिंतीवरच्या फोटोला हळदकुंकू वाहिलं, पण ती मला परवा पहिल्यांदा दिसली. एवढासा ठिपका, पण तो आल्याबरोबर चेहऱ्यावर थोडा हट्ट आला, थोडं हसू आलं. पूजासारखीच दिसते हो, अगदी तस्सी. आम्ही दोघी भर क्लासमध्ये मुसुमुसु रडायला लागलो. झीशान धावत आला, "काय झालं मॅडम, मशीन हँग झालं का?" लखनने त्याला कॉलर धरून बाहेर नेलं. भावी सरपंच खरा!

या वेळी फाईल नव्या नावाने सेव्ह केली. तीनदा केली. एक पेनड्राइव्ह पूजाकडे, एक पप्पांकडे. पप्पांना मी नवा फोटो दाखवला आणि विचारलं, "आता काय वेगळं दिसतंय?" म्हणाले, "रंग उजळलाय का?" डोक्यावर हात मारून घेतला मी. पण मग रात्रपाळीला निघताना भिंतीसमोर बराच वेळ उभे होते. मीही चिडवलं नाही.

आता पूजाच्या पुस्तिकेचं. पहिल्या पानावर रेणुका. मग चांदवडचं घर, कांद्याची चाळ, तुमचा ओटा. एका पानावर 'मला राग कशाचा येतो', त्यात लिहिलंय: 'न विचारता कुणी आईला हात लावला की.' ते वाचून मला झोंबलं. पण काढ म्हटलं नाही, खरंच आहे ते.

शेवटचं पान शुभेच्छुकांचं. पहिला फोटो तुमचा. 'आजी रोज संध्याकाळी फोन करते, मी पोचले म्हटल्यावर मग ताट घेते.' दुसरा पप्पांचा. आणि तिसरा चौकोन रिकामा होता. मी बघितला, आणि बघितलं नाही असं दाखवलं. आई, मास्तरीण असून सांगते, त्या रिकाम्या चौकोनाला मी जेवढी घाबरले तेवढी कुठल्या परीक्षेला घाबरले नव्हते. पट्टीचा नियम माझाच. त्यात मी बसते की नाही, हे मला कुणाला विचारता येत नव्हतं. दोनच फोटो ठेवायचे असते तर चौकोन दोनच काढले असते, असं एक मन म्हणायचं. दुसरं म्हणायचं, कुणा मैत्रिणीचा असेल.

काल संध्याकाळी मी भाकरी थापत होते. पूजा फोन घेऊन दारात आली. "तुमचा एक फोटो हवाय." मी म्हटलं, "पत्रकातला घे ना, क्लासच्या मशीनवर आहे." ती म्हणाली, "तो नको. ती तुमची धाकटी बहीण आहे." आणि तिथेच, पिठाच्या हातांनी, घामेजलेली, केस विस्कटलेली अशी माझी छबी काढली.

आज क्लासमध्ये बघितलं. तिसऱ्या चौकोनात मी. नाकाला पीठ. डोळ्यांखाली काळं. कपाळावरचा व्रण लख्ख दिसतोय, टिकलीसुद्धा सरकलेली. मी म्हटलं, "अगं, निदान तो व्रण तरी काढ. तुला येतं ना आता." तर म्हणाली, "राहू दे. काढला तर ओळखू कशा येणार तुम्ही?"

मग मीच वेडी, म्हटलं, "आणि मी कधी थांबते तुझ्यासाठी? मी तर रोज सांगते, माझं जेवण झालं." ती मॉनिटरकडेच बघत होती. म्हणाली, "मोरीत तुमचं ताट नसतं. मला दिसत नाही का?"

घ्या! एवढे दिवस मला वाटत होतं, मी फार हुशारीने लपवतेय.

रात्री आम्ही दोघी बरोबर जेवायला बसलो. मी मुकाट्याने वाढत होते, म्हटलं बोलून बिघडवायला नको. तेवढ्यात ती म्हणाली, "मॅडम, लोणचं द्या." घरात पहिली हाक मारली तीही मॅडम! मी एवढ्या मोठ्याने "ओ" दिली की ती हसायला लागली. मला चालेल हो. आई म्हणायला तिला आई आहे, हनुवटीवर ठिपका असलेली. मॅडम तर मॅडम.

चांदवडला कायमचं जायचं काय ते मी विचारलं नव्हतं. तीच पप्पांना म्हणाली, "सुट्टीत महिनाभर आजीकडे राहीन, कॉलेज सुरू व्हायच्या आधी येईन." ऐकून माझ्या छातीवरचा धोंडा उतरला, तुमच्यापासून कशाला लपवू? पण तुम्हाला तिला तिकडेच ठेवायचं असेल तर तिला विचारा, मी मध्ये पडणार नाही. फक्त एवढं माहीत असू द्या की मला ती इथे हवी आहे. तिच्या वाट्याची भाकरी टोपलीत झाकून ठेवायची मला सवय लागलीय, आणि ती मोडायची माझी इच्छा नाही.

येत्या रविवारी प्रदर्शन आहे. भिंतीवर सगळ्यांची पानं लागणार. झीशानची अम्मी येणार आहे, लखनची बहीण येणार आहे. पूजाचे पप्पा शनिवारी गाडी घेऊन तुम्हाला न्यायला येतील. जिना आहे, पण खाली खुर्ची ठेवते, आणि लखन-झीशान तुम्हाला खुर्चीसकट वर आणतो म्हणालेत. नाही म्हणू नका. पूजाच्या पहिल्या पानावरचा ठिपका तुमचा आहे, तो तुम्ही बघायला हवा. मुक्काम आमच्याकडेच करा. जेवायला आम्ही थांबू, कितीही उशीर होऊ दे.

आणि आलात की एक सांगा. ती तिसरी पुडी कुणाची होती, ते आता मला तुमच्या तोंडून ऐकायचंय.

रेणुकाच्या पाठची, तुमची
आशा